चिलीम, बिडी आणि छातीचा भाता : सालेकसा परिसरातल्या धुराचा इतिहास

आजचा विषय ऐकल्यावर अनेकांना वाटेल की, हे तर डॉक्टरांचं काम आहे, इतिहासाच्या व्याख्यानात हे कुठून आलं? वर्षानुवर्षं तंबाखू ओढली, गांजा ओढला, तर फुप्फुसांचं काय होतं, हा आजचा प्रश्न. उत्तर वैद्यकशास्त्र देतं, तेही आपण बघणारच आहोत. पण आमचं म्हणणं असं की, या प्रश्नाला स्वतःचा एक इतिहास आहे. कोणत्या धुराबद्दल हा प्रश्न आधी विचारला गेला? कोणत्या धुराबद्दल साठ वर्षं उशिरा विचारला गेला? आणि का? हे समजून घ्यायचं तर गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा तालुक्याइतकी चांगली जागा नाही.

सालेकसा म्हणजे महाराष्ट्राचं पूर्वेकडचं टोक. एका बाजूला मध्य प्रदेशातला बालाघाट, दुसऱ्या बाजूला छत्तीसगड. मुंबई-हावडा रेल्वेमार्गावरची सालेकसा आणि दरेकसा ही स्टेशनं, हाजरा धबधबा, गोंडी समाजाचं श्रद्धास्थान असलेली कचारगडची गुहा, आणि सगळीकडे जंगल. या जंगलात टेंभुर्णीची झुडपं आहेत. इकडे तिला तेंदू म्हणतात. बिडी जिच्यात गुंडाळतात ते पान हेच. म्हणजे देशभर ओढल्या जाणाऱ्या बिडीचं बाहेरचं कातडं अशा जंगलांतून जातं. आत भरायची तंबाखू येते गुजरातेतून, निपाणीच्या बाजूने. पान इथलं, धूर सगळ्यांचा.

आता जरा मागे जाऊ. तंबाखू आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आली. १६०४-०५ च्या सुमारास असद बेग नावाचा मोगल अधिकारी विजापूरहून परतला, तेव्हा त्याने बादशहा अकबरासाठी तंबाखू आणि नक्षीदार नळी आणली. त्याने लिहून ठेवलंय की, दरबारातल्या हकिमाने तिथल्या तिथे हरकत घेतली : आपल्या ग्रंथांत या वस्तूची परीक्षा नाही, मग ती का घ्यायची? बघा, तंबाखूबद्दलची आपल्याकडची ही अगदी सुरुवातीची वैद्यकीय शंका, आणि ती दख्खनहून गेलेल्या तंबाखूवर घेतलेली. पुढे १६१७ मध्ये जहांगिराने बंदीही घातली. ती टिकली नाही.

सालेकशाच्या पलीकडे, छत्तीसगडात, एकोणिसाव्या शतकात आणखी एक गोष्ट घडली. गुरू घासीदास यांनी सतनामी पंथात दारू-मांसाबरोबर तंबाखूही वर्ज्य सांगितली. त्या भागात पानाची सुरनळी करून तिच्यात तंबाखू ओढायची रीत होती. तिला चोंगी किंवा चुंगी म्हणत. पंथातल्या काहींना ती सुटेना. शेवटी ओढणाऱ्यांचा वेगळा गटच पडला, आणि त्यांना नाव पडलं चुंगिया. एका पानाच्या सुरनळीवरून समाजात फूट पडते, यावरून सवय किती खोल गेली होती ते कळतं. आणि ही चोंगी म्हणजे बिडीची थोरली बहीणच की.

गांजाचं प्रकरण निराळं. तो इथला जुना. चिलमीतून ओढायचा, बहुतेक वेळा तंबाखू मिसळून. ही मिसळण्याची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम पडणार आहे. ब्रिटिश काळात गांजा कायदेशीर होता, पण परवान्याखाली. मध्य प्रांतात, म्हणजे ज्या प्रांतात तेव्हा आपला भंडारा जिल्हा होता, गांजाची लागवड निमाड जिल्ह्यात खंडव्याकडेच करू देत. मुंबई इलाख्यात अहमदनगर भागात गांजा पिकायचा. तिथून माल परवाना असलेल्या दुकानांत, आणि सरकारला महसूल.

१८९३ मध्ये विलायतेत, हाउस ऑफ कॉमन्समध्ये, केन नावाच्या दारूबंदीवादी खासदाराने प्रश्न उचलला : गांजाने हिंदुस्थानातली माणसं वेडी होतात, नीतिभ्रष्ट होतात, हे खरं का? त्यातून भारतीय भांग-गांजा आयोग नेमला गेला. अध्यक्ष मॅकवर्थ यंग. सदस्यांत अँड्र्यू फ्रेझर हे मध्य प्रांतात अधिकारी म्हणून काम केलेले गृहस्थ होते. आयोगाने देशभर फिरून ११९३ साक्षी घेतल्या आणि १८९४ मध्ये अनेक खंडांचा अहवाल दिला.

हा अहवाल बहुतेक वेळा वेडाच्या मुद्द्यासाठी वाचला जातो. आम्ही तो आज छातीसाठी वाचतोय. साक्षीदारांना आयोगाने सरळ विचारलं होतं की, गांजाने खोकला, दमा, आव होते का. उत्तरं उलटसुलट आली. काहींनी सांगितलं की, दम्यावर गांजा औषध म्हणून देतात. आणि ते खोटं नव्हतं, त्या काळी पॅरिसच्या ग्रिमो कंपनीच्या दम्यावरच्या ‘इंडियन सिगरेटी’ जगभर विकल्या जात. आयोगाने एका माकडाला कित्येक महिने गांजाचा धूर देण्याचा प्रयोगही कलकत्त्याच्या डॉ. कनिंगहॅम यांच्याकडून करवून घेतला. निष्कर्ष असा निघाला की, बेताने घेणाऱ्याचं शरीर त्याने फारसं बिघडत नाही. पण दीर्घकाळ ओढणाऱ्याच्या फुप्फुसांत काजळीचे बारीक कण साचतात, धुरातली इतर द्रव्यं श्वासनलिकांच्या आतल्या अस्तराला टोचतात, कफ वाढतो आणि जुनाट खोकला जडतो.

१८९४ सालचं हे वाक्य आजच्या पाठ्यपुस्तकातही फारसा बदल न करता टाकता येईल. आणि आता आमचा प्रश्न. गांजाच्या धुराबद्दल सरकारने हे विचारलं. तंबाखूच्या धुराबद्दल असा आयोग नेमला का? नाही. तंबाखू साहेबही ओढत होता, शेतकरीही ओढत होता. ती रोजच्या भाजी-भाकरीइतकी साधी वस्तू मानली गेली. विचारणार कोण?

नेमक्या याच वेळी इथे बिडी वाढायला लागली. १८८० च्या दशकात नागपूर-राजनांदगाव रेल्वे आली, ती पुढे बंगाल-नागपूर रेल्वेची मुख्य वाट झाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोंदियाहून जबलपूरकडे छोटी लाइन निघाली. जंगलात पान होतं, न्यायला रेल्वे होती, आणि दुष्काळाच्या दिवसांत गुजरातेतून बाहेर पडलेले पटेल व्यापारी होते. जबलपूर, सागर, गोंदिया, भंडारा, नागपूर अशी बिडीची केंद्रं उभी राहिली. असहकाराच्या काळात विलायती सिगरेट टाकून देशी बिडी ओढणं हे देशभक्तीचं लक्षण ठरलं, त्यानेही धंदा फोफावला. गोंदियाचे बिडी-उद्योजक मनोहरभाई पटेल यांनी पुढे गोंदिया शिक्षण संस्था काढली. जिल्ह्यातल्या कितीतरी पिढ्या तिच्या शाळा-कॉलेजांत शिकल्या. म्हणजे बिडीने इथे केवळ धूर दिला, असं म्हणणं अन्यायाचं होईल. तिने मजुरी दिली, शाळा दिल्या.

सरकारनेही बिडीकडे पाहिलं, पण कोणत्या डोळ्याने? १९४३ मध्ये तंबाखूवर केंद्राचा अबकारी कर बसला. म्हणजे महसुलाच्या डोळ्याने. १९४८ मध्ये मध्य प्रांत आणि वऱ्हाड सरकारने कायदा केला की, शेतीच्या हंगामात ठरावीक गावांत बिड्या वळायच्या नाहीत. कारण काय? छाती? छे. शेतीला मजूर मिळेनात म्हणून! सागर जिल्ह्यातून हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९५० च्या नोव्हेंबरात चिंतामण राव खटल्याचा निकाल लागला आणि तो कायदा रद्द झाला. न्यायालय म्हणालं, जे म्हातारे, अपंग, अशक्त शेतात राबूच शकत नाहीत, त्यांचीही रोजी या बंदीने जाते. हे निर्बंध वाजवी नाहीत. राज्यघटनेच्या अभ्यासात हा निकाल आजही शिकवतात. मग १९६६ चा बिडी व सिगार कामगार कायदा आला, १९७६ चा कल्याण निधी आला. हे सगळं कामगारासाठी, आणि योग्यच. पण ओढणाऱ्याच्या छातीचा हिशेब या कागदांत कुठेच मांडलेला दिसत नाही.

तो हिशेब मांडायचं साधन मात्र होतं. १८४६ मध्ये लंडनमध्ये जॉन हचिन्सन यांनी स्पायरोमीटर हे यंत्र पुढे आणलं आणि दोन हजारांहून अधिक माणसांचा श्वास मोजून दाखवला. तत्त्व सोपं आहे. पोटभर श्वास घ्यायचा आणि जोरात फुंकायचा. लोहाराच्या भात्यासारखं समजा. भाता किती मोठा आहे हा एक आकडा. आणि तो पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर फेकतो हा दुसरा. श्वासनळ्या अरुंद झाल्या की भाता मोठा असला तरी हवा अडकते, दुसरा आकडा घसरतो. माणूस सांगतो, धाप लागते. तोवर बरंच काही गेलेलं असतं.

तंबाखूबद्दलचा मोठा प्रश्न विचारला गेला १९५० मध्ये. इंग्लंडात रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवला. आपल्या चिंतामण राव निकालाचंही तेच वर्ष. एकीकडे बिडीच्या रोजगाराचा निवाडा, दुसरीकडे धुराचा. आपल्याकडे मुंबईत खानोलकर आणि संघवी यांनी १९५५ मध्ये बिडी, तंबाखू आणि तोंड-घशाचा कर्करोग यांवर काम प्रसिद्ध केलं.

फुप्फुसाच्या ताकदीबद्दलचं महत्त्वाचं काम फ्लेचर आणि पेटो यांचं, १९७७ सालचं. त्यांनी १९६१ पासून लंडनमधल्या कामकरी पुरुषांचा श्वास आठ वर्षं मोजला. काय दिसलं? पंचविशीनंतर प्रत्येकाचाच भाता दरवर्षी थोडा थोडा थकतो. ओढणाऱ्यांपैकी अनेकांचा तो दुप्पट वेगाने किंवा त्याहून जलद थकतो. ज्याने सोडली, त्याला गेलेलं परत मिळत नाही, पण पुढची घसरण जवळजवळ न ओढणाऱ्याच्या वेगावर येते. उतारावरच्या बैलगाडीसारखं आहे. ब्रेक लावला तर गाडी वर चढत नाही, पण खाली जाऊन आदळतही नाही. म्हणूनच, "आता साठीला आलो, सोडून काय फायदा?" या प्रश्नाला इतिहासाने दिलेलं उत्तर आहे : फायदा आहे.

बिडीत तंबाखू सिगरेटच्या पाव ते तिसरा हिस्साच असते, म्हणून ती सौम्य, असा एक गैरसमज गावोगाव आहे. पण तेंदूचं पान कागदासारखं सच्छिद्र नसतं, बिडी चटकन विझते. ती पेटती ठेवायला माणूस लवकर लवकर आणि जोराने झुरके घेतो. त्यामुळे कार्बन मोनॉक्साइड आणि डांबर काही कमी जात नाही. २००८ मध्ये प्रभात झा आणि सहकाऱ्यांनी देशातल्या ११ लाख घरांतल्या मृत्यूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. बिडी ओढणाऱ्या पुरुषाचं आयुष्य सरासरी ६ वर्षांनी, बिडी ओढणाऱ्या बाईचं ८ वर्षांनी, आणि सिगरेट ओढणाऱ्या पुरुषाचं १० वर्षांनी कमी होतं, असं त्यात दिसलं. त्याआधी २००३ मध्ये तमिळनाडूतल्या मोठ्या पाहणीने आणखी एक गोष्ट पुढे आणली होती. ओढणाऱ्या पुरुषाला क्षयाने मरण्याचा धोका न ओढणाऱ्याच्या सुमारे चौपट. आदिवासी भागात ही गोष्ट कर्करोगापेक्षाही आधी सांगायला हवी. टीबीची गोळी आणि बिडी एकाच खिशात राहू शकत नाहीत.

आता गांजाकडे परत. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गांजा देशभर बेकायदा झाला. परवान्याची दुकानं गेली, चिलीम गेली नाही. आणि विज्ञानाचं बोलायचं तर, चित्र तंबाखूपेक्षा गुंतागुंतीचं आहे. ते लपवणं बरोबर नाही. कारण तरुण मुलं हे इंटरनेटवर वाचतात आणि मग आपल्या बाकीच्या बोलण्यावरही विश्वास ठेवत नाहीत.

१९८८ मध्ये लॉस एंजेलिसच्या टॅश्किन आणि सहकाऱ्यांनी मोजलं : गांजा ओढणारा धूर खोल घेतो आणि धरून ठेवतो. त्यामुळे तंबाखूच्या सिगरेटच्या मानाने डांबर सुमारे तिप्पट आत जातं आणि रक्तात कार्बन मोनॉक्साइडची वाढ सुमारे पाचपट होते. खोकला, कफ, छातीत घरघर नेहमीच्या गांजा ओढणाऱ्यांत स्पष्ट दिसली. अगदी १८९४ च्या आयोगाने म्हटलं तसं. पण पुढे १९९७ मध्ये त्याच गटाला असं आढळलं की, नुसता गांजा ओढणाऱ्यांत पहिल्या सेकंदाचा आकडा तंबाखूसारखा झपाट्याने घसरत नाही. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या चार शहरांतल्या पाच हजारांहून जास्त लोकांचा वीस वर्षांचा अभ्यास आला. अधूनमधून, थोडा गांजा ओढणाऱ्यांत घसरण दिसली नाही. जास्त ओढणाऱ्यांत ती सुरू होण्याची चिन्हं होती.

मग कुणी म्हणेल, झालं तर! थांबा. हे अभ्यास निव्वळ गांजाचा परिणाम तंबाखूपासून वेगळा काढतात. आपल्याकडची चिलीम तो वेगळा काढत नाही. मघाशी सांगितलं ना, लक्षात ठेवा म्हणून? चिलमीत गांजा आणि तंबाखू एकत्र असतात. आणि चिलीम खाली ठेवल्यावर बिडी पेटते. कॅनडात व्हँकुव्हर इथे चाळिशीपुढच्या ८७८ लोकांची पाहणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. केवळ गांजा ओढणाऱ्यांत सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार, ठळकपणे वाढलेला दिसला नाही. पण दोन्ही ओढणाऱ्यांत त्याचा धोका न ओढणाऱ्यांच्या जवळपास तिप्पट होता. तेव्हा परदेशातला निष्कर्ष उचलून इथल्या चिलमीला लावता येत नाही. तिथे ज्या दोन गोष्टी वेगळ्या केल्या, त्या इथे शतकभर एकत्रच जळत आल्या.

अजून एक धूर राहिला. चुलीचा. २०१६ च्या अंदाजानुसार भारतात सीओपीडीचे साडेपाच कोटी रुग्ण होते. त्या आजाराच्या ओझ्यात हवेच्या प्रदूषणाचा, ज्यात चुलीचा धूर मोठा, वाटा तंबाखूपेक्षा जास्त धरला आहे. पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी न ओढणाऱ्यांतल्या सीओपीडीकडे जगाचं लक्ष वेधलं. म्हणजे जी बाई जन्मात बिडी ओठाला लावत नाही, पण लाकडाच्या चुलीपुढे तीस वर्षं बसते, तिचाही भाता थकलेला असू शकतो. घरात कुणी बिडी ओढत असेल तर तिच्या वाट्याला दोन धूर येतात.

शेवटी सालेकसा तालुक्याच्या आजच्या अडचणीवर बोलू, कारण इतिहास तिथेच येऊन थांबलाय. मोहफुलाचा हंगाम सरतो आणि उन्हाचा तडाखा वाढतो तेव्हा पहाटेच माणसं तेंदूची पानं तोडायला जातात. घरी आणून सत्तर पानांचा एकेक पुडा बांधतात, फळीवर नेऊन मोजून देतात. पावसाळ्याआधी हातात येणारा हा रोख पैसा. त्यावर बी-बियाणं, मुलांची पुस्तकं, लग्नाची उधारी. १९६९ च्या कायद्याने हा व्यापार सरकारच्या हाती गेला होता. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर गोंदिया-गडचिरोलीतल्या अनेक ग्रामसभांनी पानं स्वतः विकण्याचा हक्क मिळवला. हा हक्क मोठ्या लढ्यानंतर मिळालेला आहे. आता त्याच गावात जाऊन, "बिडी बंद करा," असं सांगणं सोपं नाही. आणि ते न सांगणंही बरोबर नाही.

आमचं मत असं. पान तोडणाऱ्याची रोजी आणि त्याची छाती या दोन वेगळ्या वह्या ठेवल्या, हीच शंभर वर्षांची चूक. १९४८ च्या कायद्याने शेती पाहिली, १९६६ च्या कायद्याने मजुरी पाहिली, जीएसटी लावताना सिगरेटवर उपकर बसला, बिडीवर बसला नाही. गांजाची छाती तपासणाऱ्या राज्याने बिडीचा फक्त महसूल आणि रोजगार मोजला. दोन्ही एकाच वहीत लिहिले तर दिसेल की, जंगलाच्या उत्पन्नात मोह, डिंक, लाख, बांबू यांचा वाटा वाढवल्याशिवाय बिडीविरुद्धची मोहीम अर्धीच राहील. आणि बिडीविरुद्ध काही न करता वाढवलेलं उत्पन्न दवाखान्यात जाईल. शेजारच्या गडचिरोलीत २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ या दारू-तंबाखूमुक्तीच्या उपक्रमात गावोगावच्या बाया-माणसांनी याचा अनुभव घेतलाय.

तोवर ज्याच्या हाती जे आहे ते करावं. दोन-तीन आठवडे खोकला असेल तर थुंकी तपासून घ्यावी. चढ चढताना बरोबरीच्या माणसापेक्षा आधी धाप लागत असेल, तर डॉक्टरांना सांगावं, "फुंकून बघायची तपासणी करा." चिलीम असो की बिडी, ज्या दिवशी ठेवली त्या दिवसापासून उतार कमी होतो, वय काहीही असो. आणि गावसभेत तेंदूच्या बोलीचा भाव ठरतो, त्याच बैठकीत एक प्रश्न जरूर विचारावा : यंदा गावात धाप लागणारे किती, आणि त्यांतले ओढणारे किती? तो आकडा कागदावर आला, तर एकशे तीस वर्षांपूर्वी गांजाबद्दल विचारलेला प्रश्न बिडीबद्दलही विचारला गेला, असं म्हणता येईल.